जादूची कादंबरी घेताना काय बघून घेता? (सोबत पाऊस पाडणाऱ्या जादूगारांविषयी तक्रार)

सेलूचा दुकानदार

मंडळी, नमस्कार. माझं सेलूला बी-बियाणं, खतं, औषधांचं दुकान आहे. मृगापासून पोळ्यापर्यंत मान वर करायला सवड नसते. हरभऱ्याची पेरणी उरकली की मग दुपारी काउंटरवर माशा मारायच्या. त्या दुपारी मी जादूच्या कादंबऱ्या वाचतो. घरात टिंगल होते. बायको म्हणते, केसं पांढरी झाली तरी राक्षस-परी सुटंनात. असो, ज्याचं त्याचं व्यसन.

प्रश्न असा, की या कादंबऱ्या निवडायच्या कशावरून? दिवसभर माझ्या हातात औषधाच्या बाटल्या असतात. पुढच्या बाजूला काय छापलेलं असतं? ‘अळीचा संपूर्ण बंदोबस्त’, ‘भरघोस उत्पादन’. जाणता शेतकरी ते वाचतच नाही. तो बाटली उलटी करतो. घटक कोणता, किती टक्के, एकरी मात्रा किती, फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, विषबाधा झाली तर उतारा काय. शिवाय एक चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. कादंबरीला मात्र दोन्ही बाजूंनी पुढचंच लेबल. ‘श्वास रोखून धरायला लावणारी’, ‘एका अद्भुत विश्वाची सफर’. मात्रा नाही, उतारा नाही, त्रिकोण तर नाहीच.

संभाजीनगरला किलोवर पुस्तकं विकणारं प्रदर्शन लागतं, तिथं मी चक्कर मारतो. जादूची कादंबरी किलोवर परवडत नाही हे आधीच सांगून ठेवतो, एकेक ठोकळा अर्धा-पाऊण किलोचा. त्यात मालिकेचा दुसरा आणि पाचवा भाग मिळतो, पहिला कधीच नाही. तरी तिथून एक जाडजूड आणली. नाव घेत नाही, कुणाला आवडली असेल. सुरुवात बरी होती. मग एका कोरड्या पडलेल्या राज्यात म्हातारा जादूगार येतो, काठी उचलतो आणि पाऊस सुरू. राजा नाचतो, प्रजा नाचते, पुढचं प्रकरण. मी पुस्तक मिटलं. अरे बाबा, हा पाऊस आणला कुठून? कुणाच्या शिवारावरचा ढग ओढलास? तापलेल्या रानावर एकदम असा कोसळला तर पाणी मुरत नाही, वरची माती घेऊन ओढ्याला जातं, त्याचं काय? काठी उचलताना म्हाताऱ्याचं काही गेलं का, का नुसताच दंड दुखला? एका ओळीत काही नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात सरकारनं कृत्रिम पावसासाठी औरंगाबादेत रडार बसवलं, विमान उडवलं. ढगात क्षाराचे बारीक कण सोडायचे, त्यांच्याभोवती थेंब धरतो. त्या दिवसांत दुकानात दुसरा विषय नव्हता, आणि पहिला प्रश्न काय होता माहितंय? ‘आपल्यावरचा ढग तिकडं नेऊन पाडायलेत का?’ विज्ञान तसं सांगत नाही. मुळात ढगच नसेल तर विमान काही करू शकत नाही. पण प्रश्न रास्त होता. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हाही लोक आधी हेच बोलले, की तिकडच्यांचं कमी केलं का? आमच्याकडच्या शेंबड्या पोराला जे कळतं ते पाचशे पानांच्या राजाला कळू नये?

आता याच्या उलट. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन बाईंची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८ ची. पुस्तक लहान, दोनशे पानांच्या आसपास. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा पोरगा आहे, गेड. अंगात जादू आहे. ओजियन नावाचा मोठा जादूगार त्याला शिष्य म्हणून घेऊन जातो. पोराला वाटतं आता चमत्कार सुरू होणार. वाटेत पाऊस लागतो, आणि म्हातारा काहीच करत नाही! झाडाखाली पथारी टाकतो आणि भिजत पडतो. पोरगं मनात चरफडतं, एवढा मोठा माणूस, ढग बाजूला सारायला ह्याचं काय जातंय? तिथंच बाई जाता जाता सांगतात, की जिथं जादूगार फार झालेत तिथं प्रत्येक जण आपल्यावरचा ढग पुढं ढकलतो, पुढचा त्याच्या पुढं, असा तो ढग धक्के खात खात शेवटी समुद्रावर जातो आणि तिथं निवांत पडतो. हे वाचून मी एकटाच हसायलो, समोर गिऱ्हाईक उभं. बाईंनी मराठवाड्याचा एकही जुलै पाहिला नसेल, पण लिहिलंय पाहिल्यासारखं.

पुढं जादूच्या शाळेत गेडला बजावतात, की इथं पाडलेला पाऊस म्हणजे दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ असू शकतो. तो ऐकतो थोडाच. दुसऱ्या पोराशी इरेला पेटून मेलेलीला बोलवायला जातो, आणि त्या फटीतून एक काळी सावली बाहेर येऊन त्याचं तोंड फाडते. तिला थोपवताना शाळेचा सगळ्यात मोठा जादूगार जिवानिशी जातो. उरलेली सगळी कादंबरी त्या एका रात्रीचं निस्तरणं आहे.

तर माझी कसोटी अशी झालीय, की जादू झाली तर ती कुणाच्या जिवावर झाली हे पुस्तक सांगतं का? अजून कुठली पुस्तकं यात बसतील? आणि तुम्ही दुकानात, मोबाइलवर पुस्तक चाळताना हे आधीच कसं ओळखता? वाचनालयातल्या मंडळींनी पुढच्या बैठकीत एका पुस्तकावर बोलायला सांगितलंय. आमच्याकडं पुस्तकावर बोलणं म्हणजे अख्खं कथानक सांगायचं आणि शेवटी ‘प्रत्येकानं संग्रही ठेवावं’ म्हणून खाली बसायचं. तसलं नको आहे.


शहागंजकर

दुकानदार भाऊ, कसोटी झकास आहे, पण ती घेऊन आमच्या वाटेला येऊ नका, हात रिकामे जातील.

माझे आजोबा निजामाच्या अमलात शिकले. १९४८ च्या आधी इकडं वरचं शिक्षण उर्दूतूनच. त्यामुळं आमच्या घरात ज्ञानेश्वरीशेजारी ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे दोन जीर्ण खंड होते, उजवीकडून उघडणारे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं १८८३ पासून ही मालिका काढली. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. हा अमीर हमजाच्या दास्तानीचा, म्हणजे ऐकवायच्या लांबलचक गोष्टीचा, एक तुकडा झाला. अख्खी दास्तान ४६ खंडांची, तुमच्या किलोच्या प्रदर्शनातून ती न्यायची तर छोटा हत्ती करावा लागेल.

तिलिस्म म्हणजे जादूनं बांधलेलं अख्खं राज्य. त्यात शहरं, बागा, नद्या, बाजार, सगळं, आणि वर बादशहा अफरासियाब. गंमत अशी की तिलिस्म बांधतानाच ते कुणाच्या हातून मोडणार ते ठरलेलं असतं. मोडणाऱ्याला एक पाटी मिळवावी लागते, लौह. तिच्यात बघायचं, ती सांगेल तेवढंच करायचं. न बघता पाऊल टाकलं की अडकला. म्हणजे जादूला कडक नियम, आणि तेही १४० वर्षांपूर्वी. आजकाल इंग्रजी वाचणारी पोरं ‘मॅजिक सिस्टिम’ म्हणून ज्याचं कौतुक करतात ते हेच.

खरा नायक मात्र जादूगार नाहीच. अम्र अय्यार, बहुरूपी, महाठक आणि पक्का लोभी. त्याच्या झोळीत काय वाटेल ते मावतं. तो वेश बदलून जादूगारांच्या मैफलीत शिरतो, दारूत बेहोशीचं औषध घालतो आणि गळा कापतो. मोठा जादूगार मेला की अंधार होतो, आकाशातून कल्लोळ उठतो आणि आवाज येतो, मला मारलं हो, माझं नाव अमुक जादू. आजोबा हे वाचायला लागले की आजी स्वयंपाकघरातून विचारायची, ‘मेला का आज कोणी?’ मेला नसेल तर म्हणायची, मग एवढा वेळ काय वाचायलाव?

पाऊस पाडला तर कोणाचं गेलं, असा हिशेब तिथं कोणी विचारत नाही. लिहिणाऱ्यालाही नको असतो, ऐकणाऱ्यालाही. त्याची मजा उधळपट्टीतच आहे. तुमच्या कसोटीनं हे पुस्तक नापास होईल आणि नुकसान तुमचंच होईल. मुशर्रफ अली फारुकींनी पहिल्या खंडाचं इंग्रजी भाषांतर २००९ मध्ये केलंय, मिळालं तर बघा. देवकीनंदन खत्रींची हिंदी ‘चंद्रकांता’ (१८८८) याच गोतातली, पण तिथल्या तिलिस्मात जादू कमी आणि कळा, सुरुंग, चोरदरवाजे जास्त. टीव्हीवरची मालिका बघून पुस्तकाबद्दल मत करू नका, एवढीच विनंती.


नांदेड ते ठाणे

एवढा विचार करून वाचता राव तुम्ही? मी लोकलमध्ये उभ्यानं वाचतो, मला पहिल्या वीस पानांत कुणीतरी कुणाला तरी फेकलेलं लागतं.

पण तुमच्या कसोटीत बसणारं एक देतो. ब्रँडन सँडरसनचं ‘मिस्टबॉर्न’, २००६. आकाशातून सतत राख पडते, वर एक अमर सम्राट बसलाय, खाली गुलाम. विन नावाची चोरटी पोरगी आहे. इथली जादू म्हणजे धातू गिळायचे आणि पोटात ‘जाळायचे’. कथील जाळलं की डोळे-कान तीक्ष्ण, पोलाद जाळलं की आजूबाजूच्या धातूच्या वस्तू दूर ढकलता येतात. पण ढकललेली वस्तू जड असली किंवा भिंतीत पक्की असली तर तुम्हीच मागं फेकले जाता. हवेत उडायचं तर खाली नाणं टाकून त्याच्यावर रेटा द्यायचा. धातू संपला की शक्ती संपली, आणि न जाळता पोटात राहू दिला तर अंगाला बाधतो. घ्या, मात्रा पण आली आणि उतारा पण! तीन भाग आहेत, तिन्ही २००८ पर्यंत येऊन गेलेत.

हे शेवटचं महत्त्वाचं. पुस्तक उचलण्याआधी मालिका पूर्ण आहे का ते बघायचंच. ‘द नेम ऑफ द विंड’ २००७ ला आलं, दुसरा भाग २०११ ला. तिसऱ्याची वाट बघता बघता आमच्या बॅचची लग्नं झाली, पोरं शाळेत गेली. तिसरा नाहीच. पुस्तक फार सुंदर आहे, म्हणून तर राग येतो.

आणि मोबाइलवर बघताना पाच तारेवाले आणि एक तारेवाले अभिप्राय वाचू नका. पाचवाले प्रेमात असतात, एकवाल्यांना कुरियरनं कोपरा दुमडलेली प्रत दिलेली असते. तीनवाले वाचा. ते पैसे देऊन, पूर्ण वाचून, शांतपणे बोललेले असतात.


सेलूचा दुकानदार

तीनवाल्यांचं पटलं. आमच्यातही जो म्हणतो ‘ठीकाय, पण दुसऱ्या फवारणीला फरक पडला’, त्याच्यावरच मी पुढचा माल भरतो.

धातू गिळायचं भारी आहे. जस्ताचं काय होतं हो त्यात?


नांदेड ते ठाणे

जस्त जाळलं की समोरच्याच्या भावना भडकवता येतात.


सेलूचा दुकानदार

आमच्याकडं एकरी दहा किलो झिंक सल्फेट टाकतात, अजून कुणी भडकलेलं नाही. भाव सांगितल्यावर भडकतात.

शहागंजकर साहेब, तुमच्या आजीला नमस्कार. उधळपट्टीची मजा मला मान्य आहे. माझं भांडण उधळपट्टीशी नाही. तुमचा अफरासियाब प्रामाणिकपणे उधळतो. माझ्या त्या काठीवाल्या म्हाताऱ्याच्या पुस्तकात दुष्काळ आधी शंभर पानं रंगवलाय, भेगा, हाडं, रिकाम्या घागरी, सगळं. वाचणाऱ्याचा जीव खालीवर करायला दुष्काळ खरा पाहिजे आणि मिटवताना खोटा चालतो. राग त्याचा आहे.


तेरणाकाठ

मी लोहारा तालुक्यातली, शाळेत शिकवते. जादूच्या पुस्तकांची मला आवड नाही, हे आधी सांगते. भाचीनं एक पुस्तक मोबाइलवर टाकून दिलं, ‘द फिफ्थ सीझन’. लेखिका एन. के. जेमिसिन, २०१५ चं. तीन भाग आहेत आणि तिन्ही भागांना ओळीनं २०१६, १७ आणि १८ चा ह्यूगो, म्हणजे विज्ञान-अद्भुत कादंबऱ्यांचा मोठा पुरस्कार, मिळालाय. भाचीनं नुसतं म्हटलं, मावशी, यात भूकंप आहे, बघ वाचवतंय का.

त्या जगात जमीन कधी शांत नसते. काही माणसं जन्मतःच अशी असतात की ती भूकंप थोपवू शकतात आणि घडवूही शकतात. त्यासाठी लागणारी ताकद ती भोवतालातून ओढतात. त्यांच्याभोवती एक गोल पडतो, त्यातली सगळी ऊब निघून जाते, गवतावर बर्फ धरतो आणि गोलात कुणी माणूस असेल तर तो तिथंच गोठून मरतो. दुकानदार दादा, तुमच्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

आणि लोक या माणसांचं काय करतात? भितात, शिवीनं हाक मारतात, सापडली तर ठेचून मारतात. सरकार त्यांना लहानपणीच उचलतं, एका मोठ्या संस्थेत कोंडून शिकवतं आणि राजधानी हलू नये म्हणून कामाला जुंपतं. पुस्तक सुरू होतं तेव्हा एक आई घरी येते आणि तिचा लहानगा मुलगा मेलेला दिसतो. मुलात ती शक्ती आहे हे नवऱ्याला कळलं, म्हणून त्यानंच मारलेला. ती मुलावर पांघरूण घालते आणि बसून राहते. त्याच सुमाराला मोठा धक्का येतो आणि तो ती गावाच्या दोन्ही बाजूंनी वळवून देते. गाव वाचतं. चहूकडं झाडं मोडलेली आणि मधे हेच गाव धडधाकट. आता गावाला कळणार ना, की आपल्यात कुणीतरी ‘तसं’ आहे.

१९९३ ला मी पाचवीत होते. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकते पडले होते. आमच्याकडची घरं म्हणजे दगडमातीच्या हातहात जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, म्हणून कौतुकाची. त्या माळवदांनीच माणसं दाबली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये मोठी माणसं रोज कारण शोधायची. कुणी माकणीच्या धरणाकडं बोट दाखवायचं, कुणी म्हणायचं देवाचं काही चुकलं. कुणावर तरी घालायला पाहिजे होतं. पुस्तकातलं गाव जेव्हा कुणावर तरी घालायला शोधतं, तेव्हा मला पानं उलटायला वेळ लागला.

अजून एक. आईचा भाग सगळा ‘तू’ म्हणून लिहिलाय. तू उठतेस, तू चालायला लागतेस. सुरुवातीला फार खटकतं. पण माझी आत्या ती पहाट सांगायची तेव्हा म्हणायची, ‘मग ती पोरीला घेऊन भाईर आली, दुसरी पोर आतच ऱ्हायली.’ ती म्हणजे आत्या स्वतःच. कधी ‘मी’ म्हणाली नाही. म्हणून मला ते ‘तू’ खोटं वाटलं नाही.

नावडलेलं सांगते. नवे शब्द फार पेरलेत, मागं शब्दार्थ दिलेत ते मोबाइलवर सारखे उघडायचे म्हणजे कटकट. तीन बायकांच्या तीन कहाण्या आलटून पालटून येतात, त्यांचा धागा जुळेपर्यंत नेट लावावा लागतो. दुसरा भाग मधे रेंगाळतो. तुमच्या भाषेत त्रिकोण लाल. घरातलं लहान मूल गेलेलं असेल त्यानं आत्ता वाचू नये. बाकीच्यांनी वाचावं, पण झोपताना नको.


सेलूचा दुकानदार

ताई, काय बोलू. पुस्तक मागवतो.

एक मात्र लक्षात आलं. तुम्ही अर्धं कथानकसुद्धा सांगितलं नाही आणि मला पुस्तक कसलं आहे ते कळलं. कुणी वाचू नये तेही कळलं. बैठकीत असंच बोलायला पाहिजे.


पैठणचा

अमेरिका झाली, लखनौ झालं, ठाण्याची लोकल झाली. पैठणचं नाव कुणी काढीना, म्हणून लिहितो.

जगातल्या सगळ्यात मोठ्या जादूच्या गोष्टींच्या पोथीची कथा आमच्या गावाशी बांधलेली आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आमच्या पैठणच्याच, सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला व्याकरण शिकायचं होतं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्यानं पैज लावली, की तू हे केलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्यानं कार्तिकेयाला प्रसन्न करून ते करून दाखवलं. गुणाढ्य मुका होऊन रानात गेला, तिथं पिशाचांची भाषा शिकला आणि विद्याधरांच्या गोष्टी त्या भाषेत सात लाख श्लोकांत लिहिल्या. रानात शाई नाही, म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजाकडं पाठवल्या तर राजा म्हणाला, पिशाचांची भाषा आणि रक्तानं लिहिलेलं, न्या परत.

पुढचं दुकानदारांनी नीट वाचावं. गुणाढ्यानं डोंगरावर अग्नी पेटवला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. जनावरं चरायचं सोडून डोळ्यात पाणी आणून ऐकत उभी. इकडं राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकं आहे, त्यात कस नाही. आचाऱ्यांना धरलं. आचारी म्हणाले, पारधी असलंच आणून देतात. पारध्यांना धरलं. ते म्हणाले, रानात एक ब्राह्मण पोथी वाचून जाळायलाय, एकही जनावर चरेना. तेव्हा कुठं राजा धावत गेला. सहा लाख जळून गेले होते, एक लाख उरले. ती बृहत्कथा.

मूळ बृहत्कथा आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं तिच्या आधारानं संस्कृतात ‘कथासरित्सागर’ केला, तो आहे, मराठीतही आहे. चांदोबातला पाठीवर वेताळ घेऊन चालणारा राजा त्यातलाच. गोष्ट रानात वाचली म्हणून राजाच्या ताटातलं मांस सुकलं, एवढा चोख हिशेब सँडरसनकडं असेल तर दाखवा.

सलग वाचायला जाऊ नका, गोष्टीत गोष्ट, तिच्या पोटात तिसरी, कोण कुणाला सांगतंय तेच विसरायला होतं. बायकांविषयी जागोजागी जे लिहिलंय ते आज वाचताना चीड येते, तेही बैठकीत सांगा. मधूनच कुठलंही पान उघडायचं आणि वाचायचं.


नांदेड ते ठाणे

पैठणकर, आचारी ते पारधी ते पोथी, शंभर टक्के मान्य. सँडरसन हरला.


अंबाजोगाई

मधेच विचारते, माफ करा. मुलगी नऊ वर्षांची आहे. हे सगळं फार जड आहे तिला. मराठीतलं किंवा सोप्या इंग्रजीतलं काही?


तेरणाकाठ

मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून सुरू करा, ग्रंथालयात बहुतेक असतंच. पहिल्या भागात हरकत नाही, चौथ्यापासून अंधार वाढतो, तो ती मोठी झाल्यावर.

इंग्रजी जमत असेल तर डायाना विन जोन्स यांचं ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६). टोप्या शिवणाऱ्या सोफी नावाच्या पोरीला एक चेटकीण एका फटक्यात म्हातारी करून टाकते. मग ती गुडघे धरत, कण्हत घर सोडते आणि म्हातारी झाल्यामुळं एकदम बिनधास्त बोलायला लागते. आमच्या सातवीच्या वर्गात मी ही गोष्ट तोंडी सांगितली तर पोरींनी दोन दिवस आज्यांच्या नकला केल्या. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे पुस्तक आवडेल.


शहागंजकर

दुकानदार भाऊ, मग बैठकीत काय ठरलं? होशरुबा नाही, हे गृहीत धरलंय.


सेलूचा दुकानदार

अर्थसीच घेतो. बाकीचं वाचून व्हायचंय. बोलणं थोडकं ठेवणार आहे, आणि ढग ढकलायचं ते पान माझ्या मराठीत मोठ्यानं वाचणार. पहिल्या रांगेत सगळे कास्तकारच असतात, त्यांना समजावून सांगायची गरज नाही. खटकलेलंही सांगणार. त्या जादूच्या शाळेत एकही मुलगी नाही, आणि गावातल्या चेटकिणींना बाई स्वतःच कमी लेखतात. बाईंनी लिहिलेलं पुस्तक आणि असं कसं, हे माझ्या पोरीनं विचारलं. नंतरच्या भागांत त्यांनी यावर बरंच काम केलंय म्हणतात, ते वाचूनच बोलीन.

ठाणेकर, मिस्टबॉर्न तुमच्याकडं कागदावर आहे का? मोबाइलवर वाचलं की डोळे चुरचुरतात आणि मधेच कुणाचा तरी फोन येतो, युरिया आला का म्हणून.


नांदेड ते ठाणे

तिन्ही भाग आहेत. पुढच्या महिन्यात तपोवननं नांदेडला जाणार आहे. सेलूला गाडी थांबली की दारातूनच पिशवी देतो. डबा आदल्या दिवशी कळवतो, तुम्ही आधीच येऊन थांबा. गाडी आपल्यासाठी थांबणार नाही.


सेलूचा दुकानदार

येतो. तिसऱ्या भागात कुणी पाऊस पाडत असेल तर आधीच सांगून ठेवा.


नांदेड ते ठाणे

राख थांबते का तेवढं बघा. बाकी सांगत नाही.